आवाजांचा कोंडवाडा

सावळखेड नगरपरिषदेच्या कोंडवाड्यात हल्ली गुरं नसतात, माणसांचे आवाज असतात. दाव्याला बांधलेले, खुंट्याभोवती फिरणारे आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. डोळ्यांना काही दिसत नाही, पण दावं ताणलेलं दिसतं, आणि जवळ गेलं की माणसाच्या तोंडाची ऊब लागते. रंगनाथ भुसारी या कोंडवाड्याचे राखणदार. गाव त्यांना मामा म्हणतं. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, बायको जाऊन बराच काळ झालेला. गुरांच्या दिवसांत मामा घरी गेले की गाढ झोपायचे. आता झोपेतही कुणी तरी त्यांना ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असं विचारत राहतं, आणि मामा झोपेतच ‘येतोय बाबा, येतोय’ म्हणून कूस बदलतात.

हे झालं कसं, तर चांगल्या हेतूने झालं. फोन कंपन्यांनी गावातले रस्ते उकरून ठेवले होते. टॉवर कुणाच्याही गच्चीवर उभे राहत होते आणि टॉवरच्या खालीच रेंज नसायची. लोक तक्रार घेऊन जाणार कुठे? नगरपरिषदेत. आणि नगरपरिषदेने वर विचारलं की उत्तर ठरलेलं : फोनवर तुमचा अधिकार नाही. सर्वसाधारण सभेत सदस्य ओरडून ओरडून थकले. तेव्हा मुख्याधिकारी पांगारकर मॅडमनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि मोकाट जनावरांचा जुना नियम वाचून दाखवला. हद्दीत मालकाशिवाय फिरणारं जे काही असेल ते मोकाट समजून कोंडवाड्यात घालावं. ज्या कुणी हा नियम लिहिला त्याला म्हैस, शेळी, गाढव अशी नावं लिहायचा कंटाळा आला असावा, म्हणून त्याने ‘जे काही’ लिहून हात झटकले होते.

“फोनवर आपला अधिकार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण फोनवरचा आवाज मालकाशिवाय फिरतो. माणूस एकीकडे, आवाज दुसरीकडे.”

यावर कुणाला हरकत घेता येईना. सदस्यांनी बाकं वाजवली, मंजूर मंजूर म्हणाले आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आपणहून आले. पकडायला कुणाला जावं लागलं नाही. मान खाली घालून एकामागून एक फाटकातून आत शिरले आणि मोकळ्या खुंट्यापाशी जाऊन उभे राहिले. तिथे उभ्या असलेल्या दोन गाई आणि एक गाढव मामांनी सोडून दिलं.

कोंडवाड्याचं काम मामांना पाठ होतं, तेच पुढे चालू राहिलं. आवाजांना वैरण लागत नाही, पण त्यांना ऐकावं लागतं. दिवसातून एकदा तरी कुणी कान दिला नाही तर ते बारीक होतात. म्हणून मामा सकाळपासून स्टूल घेऊन एकेका खुंट्यापाशी बसत. कुणाचं भांडण, कुणाचं लाडीगोडीचं, कुणाचं नुसतं ‘मग? अजून काय?’ सगळं ऐकायचं आणि पुढच्याकडे सरकायचं. कानांचा पार भुगा होई. आवाज सोडवून न्यायचा तर मालकाने स्वतः यावं लागे. मालक दारात उभा राहिला की त्याचा आवाज दावं ओढायला लागे, मग ओळख पटली म्हणायचं. गुरांतही हेच होतं.

एकच गोष्ट मामांना पहिल्यापासून खटकत होती. जे पकडलं गेलं ते माणसाजवळ उरत नसे. आपण काय बोललो ते तो विसरे, आणि ते पुन्हा बोलायला गेला तर नुसते ओठ हलत. मालक यायचे ते आतून काहीतरी रिकामं वाटतंय म्हणून, खिसा चाचपत आल्यासारखे. गावातले लोक येऊन घेऊन जात. पण बाहेरगावाहून आलेल्या आवाजांचे मालक येणार कुठून? त्यांना तर असा काही कोंडवाडा आहे याचाही पत्ता नव्हता.

असाच एका सकाळी कांचनचा आवाज आला.

कांचन ही मामांची एकुलती एक मुलगी. उंबरझरीला दिलेली, एस.टी.ने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मामा पाणी शिंपडत होते. फाटकाची कडी हलली आणि आवाज आत येऊन थेट त्यांच्या पायाशी थांबला. “बाबा, मी येऊ का?” एवढंच. मागे कुकरची शिट्टी होती, आणि त्याच्याही मागे, आवाजालाच चिकटून आलेलं, एका बाईचं बोलणं : “कुणाशी बोलतीस गं?” मग पुन्हा, आणखी हळू, “बाबा, मी येऊ का?”

मामांच्या हातातली बादली खाली बसली. लग्न झाल्यापासून कांचन माहेरी यायची ती सांगून यायची. उद्या निघते, कारळाची चटणी कुटून ठेवा, असं. गेल्या दोन दिवाळ्या ती आली नव्हती आणि फोन केला की ‘बरं आहे’ एवढंच म्हणायची. पण तिने कधी विचारलं नव्हतं. माहेरी यायला कुणी विचारत नाही. जी विचारते ती परत न जाण्यासाठी येत असते, एवढं मामांना कळत होतं.

“ये,” मामा म्हणाले. “आत्ता ये. बसमध्ये बस आणि ये.”

आवाजाला तोंड असतं, कान नसतात. तो पुन्हा तेच म्हणाला. मामांनी त्याला सावलीतल्या खुंट्याला बांधलं, दावं सैल ठेवलं, आणि फोन लावला. पण त्यांचा स्वतःचा ‘ये’ फोनातून निघाला तो वळसा घालून फाटकातून आत आला आणि पायाशी उभा राहिला. मामा त्याचे मालक आणि समोरच हजर, म्हणून तो लगेच सुटला. दुसऱ्यांदा लावला, दुसऱ्यांदा तेच झालं.

कामावर असलेल्या कर्मचाऱ्याचे कार्यालयीन शब्द तेवढे धरले जात नसत. मामांनी घसा खाकरला आणि सरकारी भाषेत सुरुवात केली. “आपणास कळविण्यात येते की,” हे सरळ गेलं. पुढचं “माझ्या लेकी, तू निघून ये” हे कोंडवाड्यात आलं. पलीकडे कांचनला काय ऐकू गेलं असेल, हे मनात आल्याबरोबर मामांनी फोन बंद केला आणि कपाळाला हात लावला. बापाने आपल्या पोरीला नोटिशीसारखा फोन केला होता, आणि तोही अर्धाच.

दिवस गेले तसा आवाज बारीक व्हायला लागला. मामा बाकीचे खुंटे सोडून त्याच्याचपाशी बसत, जेवणाचा डबाही तिथेच उघडत, पण फरक पडेना. इतर आवाजांना ऐकलं की पुरतं. हा प्रश्न होता. नुसतं ऐकून प्रश्नाचं पोट भरत नाही. पूर्वी दावं खुंट्यापासून ताठ असायचं, आता ते झोळीसारखं मधे लोंबायला लागलं. मामांना वाटे, हे दावं एक दिवस जमिनीला टेकेल आणि मग उंबरझरीला एक बाई आयुष्यभर ‘बरं आहे’ म्हणत राहील, आणि आपण कधीकाळी काही मागितलं होतं हे तिला ठाऊकही नसेल.

तिला इथे आणायला हवं होतं. तिला दारात उभं करायचं, आवाज दावं ओढेल, संपलं. मामा मॅडमकडे गेले.

पांगारकर मॅडम टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांच्या खोलीच्या भिंतींना गेले काही दिवस लोकांच्या तक्रारींचा पाझर लागला होता, आणि शिपाई दर तासाला फडकं पिळत होता.

“मॅडम, मला उंबरझरीला जायचंय. मुलीला घेऊन येतो.”

“मामा, कर्मचाऱ्याला मुख्यालय सोडता येत नाही. कोंडवाडा सुरू असेपर्यंत तर नाहीच.”

“शकीलभाई बसतो म्हणाला माझ्या जागी. पाणीपुरवठ्याचा.”

“बसू दे. पण हद्दीबाहेर जायची परवानगी द्यायचा अधिकार मला नाही.” मॅडमनी डोळे चोळले. त्या वाईट बाई नव्हत्या. थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला जेवढी दया करता येते तेवढी करायला तयार होत्या. “परवानगी देता येत नाही. हद्द वाढवता येईल.”

“म्हणजे?”

“तुम्ही जाल तिकडे हद्द पुढे जाईल. तुम्ही आपले हद्दीतच.”

मामांनी हात जोडले. आणखी काय करणार? दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा गावकुसाबाहेरचा हद्दीचा दगड सोपान आणि अर्जुन या दोन मजुरांनी उपटून खांद्यावर घेतला होता. दगड चांगला गुडघाभर उंच, पांढऱ्या रंगाने रंगवलेला, बुडाला ओली माती.

“चला मामा,” सोपान म्हणाला. “आम्ही म्होरं, तुम्ही मागं. दगडाच्या म्होरं जाऊ नका म्हणले हायेत.”

“जड असेल रे.”

“जड तं हाय. पर आमाला कोन इचारतं? उचला म्हणले, उचलला.”

एस.टी.त दगड पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला. कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं, सोपानकडे पाहिलं आणि लगेजचं तिकीट फाडलं. मामा मागच्या सीटवर खिडकीशी बसले. गाडी सुटली तशी त्यांच्या लक्षात आलं की गाडी जिथून जातेय तो मुलूख मागोमाग सावळखेडात येतोय. रस्त्याकडेच्या टपरीवर एक जण फोनवर हसत होता, गाडी पुढे गेली आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. पुढच्या सीटवरची म्हातारी मुलाला सांगत होती, “अरे, ती गोळी बंद कर, डॉक्टर म्हणाले की ती...” आणि थांबली. फोनकडे पाहत राहिली. मग मामांकडे वळून म्हणाली, “मी आत्ता काय म्हणत होते हो?”

मामांना ते ऐकू आलेलं होतं. त्यांनी तिला गोळीचं सांगितलं. तिने मान डोलावली, पुन्हा फोन लावला, तोंड उघडलं, आणि शब्द काही निघेनात. मामांना फार लाज वाटली. एका पोरीला सोडवायला आपण निघालो आणि गावंच्या गावं कोंडवाड्यात लोटत चाललोय, हे त्यांना खिडकीतून स्वच्छ दिसत होतं. पण उतरायचं म्हटलं तर कांचन राहते. ते उतरले नाहीत. त्यांनी खिडकीची काच लावून घेतली.

वाटेत शकीलभाईचा फोन आला. तो कामावर होता, म्हणून त्याचं बोलणं येत होतं.

“मामा, खुंटे कमी पडायले. आवाज भिंतीवर चढून बसले. मला एकट्याला ऐकणं होईना.”

“सावलीतला तो बघ. दावं कसं आहे?”

शकीलभाई खुंट्यापर्यंत जाऊन आला. “हाय अजून,” तो म्हणाला. “पर लवकर करा.”

उंबरझरीत कांचनचं घर रस्त्याला लागूनच, पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. सोपान आणि अर्जुन पुढे झाले. खांदे सोलून निघालेले, घामाने डोळे चुरचुरणारे. त्यांनी दगड नेमका उंबऱ्यावर टेकवला आणि अंगणात जांभळाच्या सावलीला बसून घेतलं. मामा दगडापाशी येऊन उभे राहिले. दाराच्या आत अंधार होता, आणि अंधारातून कांचन हात पुसत आली.

ती वाळली होती. चेहरा तोच, पण कुणीतरी पाण्यात बुडवून पिळून वाळत घातल्यासारखा. मामांना पाहून ती हसली, आणि ते हसू पाहून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाबा! असे अचानक? बरे आहात ना?”

“तुला न्यायला आलोय. चल.”

“कुठे?”

“घरी. आपल्या घरी.”

“कशाला?” तिने खरोखरच विचारलं. रुसवा नव्हता, आडून काही नव्हतं. “इथे बरं आहे सगळं.”

“तू विचारलंस मला, कांचन. फोन करून विचारलंस, मी येऊ का म्हणून.”

“मी?” ती विचार करत राहिली. “नाही हो. तुमचा आला होता मागे. आपणास कळविण्यात येते की, म्हणालात आणि बंद झाला. मी सारखी वाट पाहते, काय कळवायचं होतं त्याची.”

“हेच. ये म्हणायचं होतं.”

कांचनने तो शब्द ऐकला. मामांना तो तिच्या कानात शिरताना दिसला, आणि आत बसायला जागा न मिळाल्यासारखा तसाच बाहेर येतानाही दिसला. जिने विचारलंच नाही तिला होकार देऊन काय उपयोग? आतून सासूचा आवाज आला, “कुणाशी बोलतीस गं? दूध उतू चाललंय.” कांचनचे खांदे आत ओढले गेले. “आले,” ती म्हणाली. मग बापाकडे पाहून, त्याच स्वरात, “बरं आहे, बाबा. खरंच बरं आहे.”

बोलून काही होणार नाही हे मामांनी ओळखलं. हाताला धरूनच न्यायला हवी होती. बसमध्ये बसवायची, कोंडवाड्याच्या दारात उभी करायची, मग तिचं तिलाच कळेल. पण ती आत होती आणि मधे दगड. मामांचा पाय दगडापुढे पडेना. त्यांनी खरोखर उचलून पाहिला, तो आपोआप मागे येऊन टेकला.

“सोपान,” ते म्हणाले, “दगड थोडा आत घ्या रे. हातभर घ्या. मला तिच्यापर्यंत जायचंय.”

“घेतो मामा. जरा दम खाऊ द्या. खांदा उचलत नाही.”

“आत्ता घे बाबा. पाया पडतो तुझ्या.”

सोपान गुडघ्यावर हात टेकून उठला. अर्जुनही उठला. तेवढ्यात कांचन आत जाऊन आली होती. तिच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचं ताट.

“माहेराहून देव आलाय,” ती म्हणाली, “आणि मी त्याला उंबऱ्यावर तसाच ठेवलाय. लोक काय म्हणतील?”

“कांचन, तो देव नाही. दगड आहे, नगरपरिषदेचा.”

“अवं ताई, हात लावू नका!” सोपान ओरडला.

पण तिने पाणी घातलंही होतं. दगडाच्या बुडाची सावळखेडची माती विरघळून उंबऱ्यावरून ओघळली. मग तिने अनामिकेने हळद लावली, कुंकू लावलं, वर दोन तांदळाचे दाणे चिकटवले. पांढऱ्या रंगावर ते कुंकू इतकं ठसठशीत उठून दिसलं की अर्जुनने डोक्यावरची टोपी काढली.

“उचल ना,” मामा म्हणाले.

“आता कसा उचलायचा?” सोपान हळूच म्हणाला. त्याने आपल्या पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या. “देव बसला मामा. बसलेला देव उठवत नसतात.”

त्याने फोन काढला. तो कामावर होता. “मॅडम, दगडाला कुंकू लागलं.”

पलीकडून आधी पंख्याची घरघर आली, फडकं पिळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, “उंबऱ्याच्या आत की बाहेर?”

“बराबर उंबऱ्यावर.”

“मग तिथवरच हद्द. परत या.” आणि थोडं थांबून, “मामांना म्हणावं, सावलीतलं दावं जमिनीला टेकलं. शकीलभाईंनी ते सोडून ठेवलंय. त्याला काही बांधलेलं दिसत नाही.”

सोपानने हे मामांना सांगितलं नाही. पण फोनचा आवाज मोठा होता. मामांनी ऐकलं आणि दगडाला दोन्ही हातांनी धरलं. तो ओला होता आणि हलत नव्हता. त्यांनी हात लांब केला, दगडावरून, जितका जाईल तितका. बोटं तिच्या पदरापासून वीतभर अलीकडे थांबली. तिने एक पाऊल पुढे टाकलं असतं तर पुरलं असतं.

“कांचन, ये. मी म्हणतो म्हणून ये.”

“थांबा हो बाबा,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “देवासमोर आहोत ना.”

तिने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि दगडापुढे हात जोडले. आतून पुन्हा हाक आली, ती हलली नाही. तिच्या कपाळावर एक आठी उमटली, खिसा चाचपणाऱ्या माणसाच्या कपाळावर उमटते तशी. मग ती दगडाला काहीतरी विचारू लागली. आवाज आला नाही. नुसते ओठ हलले, आणि ते ओठ काय म्हणतायत हे मामांना लगेच ओळखता आलं.

“ये,” मामा म्हणाले. “ये, पोरी. ये.”

तिने डोळे उघडले नाहीत. हात जोडून, मान किंचित कलती करून, ती दगड काय म्हणतो त्याची वाट पाहत उभी राहिली.